अठरा मिनिटांचा दावा

चांदूर रेल्वेला कापसातली सरकी काढणारी जिनं तीन होती, पण भोंगा एकाच जिनाला होता, आणि गावातली घड्याळं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे पाटीवर नाव काहीही असो, गाव त्याला भोंगेवालं जिन म्हणे आणि आपला दिवस त्याच्या हवाली करून मोकळं होई. सकाळी सहाच्या भोंग्याला चुली पेटत. संध्याकाळी सहाच्या भोंग्याला मळ्यांतल्या मोटा सुटत. हंगाम संपून जिन बंद पडलं की पहिले आठ दिवस गावाला काही सुचत नसे.

शकुनचा मळा जिनाच्या मागच्या कुंपणाला लागूनच होता. शेवंती, झेंडू, चार वाफे वांग्यांचे. ती, तिची आई तानुबाई आणि एक बैलजोडी एवढाच संसार. बाप नव्हता. शकुन बावीस वर्षांची. दोन वर्षं सासरी नांदून ती स्वतःच्या पायांनी परत आली होती, आणि का आलीस असं विचारणाऱ्याला तानुबाईच परस्पर उत्तर देई, "तिचे पाय हायेत, तुमाले काहून दुखते?"

शकुन मराठी सातवी पहिल्या वर्गात पास होती. सदतीस सालच्या नोव्हेंबरात तिने अकोल्याच्या मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत अर्ज केला. दीड रुपया फी भरली आणि सात डिसेंबरला सकाळी आठ वाजता चाचणीला हजर राहण्याचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळची पॅसेंजर सहा-पंचवीसला सुटे. मळ्यापासून स्टेशन चालत पंधरा मिनिटं. सहाच्या भोंग्याला निघायचं म्हणजे दहा मिनिटं हातात राहत. हिशेब सरळ होता.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. अंधार जरा लवकरच पडला असं शकुनला वाटलं, पण भोंगा झाला नव्हता म्हणून ती निवांत वेणी घालत बसली. भोंगा झाला तशी ट्रंक उचलून निघाली. स्टेशनच्या पायऱ्या चढली तेव्हा बडनेऱ्याकडे जाणारी गाडी निघून गेली होती, फलाटावर नुसता धुराचा वास उरला होता.

तिने ट्रंक खाली ठेवली. तेवढ्यात मागून धापा टाकत सात बाया आल्या. केसांत, भुवयांवर, लुगड्यांवर सगळीकडे कापसाचे तंतू. जिनातल्या होत्या, फाटकावरची झडती देऊन आलेल्या. त्यांनी रिकाम्या रुळांकडे एकदा बघितलं आणि फलाटावर बैठक मारली, जणू तिथे बसायचं आधीपासूनच ठरलं होतं.

"तुमचीही चुकली?" शकुनने विचारलं.

"आमची तं रोजच चुकते, माय," त्यांतली वयाने मोठी होती ती म्हणाली. माणिकबाई तिचं नाव, मालखेडची. "दिवाळीपासून असंच हाये. आता नऊच्या गाडीनं जाऊ. पाय चालत नाईत पहिल्यासारखे. वय झालं."

"सातही जणींचं एकदम वय झालं?"

माणिकबाई हसली, पण शकुन हसली नाही. तिने तिकीट खिडकीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून तेहेतीस मिनिटं. ती पंधरा मिनिटंच चालली होती. म्हणजे भोंगा सहा-अठराला झाला.

स्टेशनमास्तर घड्याळावर हात ठेवून म्हणाला, "हे घड्याळ चुकत नाही, बाई. रोज दुपारी चारला तारेनं वेळ येते, काटा मी स्वतः लावतो."

नऊच्या गाडीने शकुन अकोल्याला निघाली. ती गाडी मूर्तिजापूरला मालगाडीच्या मागे अडकली ती सकाळी सातपर्यंत. शाळेच्या फाटकात पोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. मुख्य बाईंनी तिला आत घेतलं नाही, पण हाकलूनही दिलं नाही. कडक आणि नियमाने चालणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला : गैरहजर उमेदवाराचं नाव कायमचं कमी होतं. मात्र गैरहजेरी उमेदवाराच्या चुकीने झाली नाही असा अधिकृत कागद मार्चअखेर आणला, तर चाचणी पुन्हा घेता येते.

"कुणाचा कागद?"

"ज्याची चूक असेल त्याचा. नाहीतर सरकारचा," बाई म्हणाल्या.

म्हणून शकुन दुसऱ्या दिवशी जिनाच्या कचेरीत गेली. मॅनेजर ओमप्रकाश दिवाळीलाच नवा आला होता. सरकी दाताखाली फोडत बोलण्याची त्याला सवय होती. शकुनने सगळं सांगितलं आणि एक ओळ मागितली : सहा डिसेंबरला भोंगा उशिरा वाजला.

"भोंगा कोणाचा?" त्याने विचारलं.

"कंपनीचा."

"मग कंपनी वाजवीन तेव्हा वाजीन. तुले ऐकाले कोणं बोलावलं होतं? फुकटचं ऐकता अन् वरून पावती मागता!"

कचेरीतले कारकून हसले. शकुन उठली. "लिहून देता का नाई, एवढंच सांगा."

"नाई."

"बरं," ती म्हणाली.

तानुबाईला वाटलं, प्रकरण इथेच मिटलं. पण शकुन बाजारात गेली ती थेट गयासुद्दीनच्या दुकानात. गयासुद्दीन घड्याळं दुरुस्त करी. साठी उलटलेली, डोळ्याला भिंग कायमचं चिकटल्यासारखं. दुकानात वीस घड्याळं, आणि वीसही वेगवेगळी वेळ दाखवत.

"चाचा, मले एक घड्याळ पायजे. तीन आठवड्यांसाठी. खरी वेळ दाखवणारं."

"खरी वेळ?" म्हातारा हसला. "बेटी, कोणती खरी? रेल्वेची का चांदूरची?"

"दोन हायेत?"

"बिलकुल. रेल्वेची वेळ साऱ्या मुलखाची एक. पण सूर्य काही साऱ्या मुलखात एकदम डोक्यावर येत नाही. तो पूर्वेकून येतो, आपल्याकडे यायले त्याले अठरा मिनिटं जास्त लागतात. माझे अब्बा जुन्या वेळेनंच घड्याळं लावत. आता कोण लावते? पण फरक तोच. अठरा."

शकुनने तो आकडा मनात टिपला. मग म्हणाली, "रेल्वेची द्या."

गयासुद्दीनने खिशातलं स्वतःचं घड्याळ काढून दिलं. रोज दुपारी चारला स्टेशनवर जाऊन ते तिथल्या घड्याळाशी जुळवायचं, अशी अट घातली. दहा ते एकतीस डिसेंबर शकुनने ते केलं. एका वहीत तिने तीन रकाने आखले : सकाळचा भोंगा, संध्याकाळचा भोंगा, शेरा. संध्याकाळी अठरा, अठरा, सतरा, अठरा. सकाळी शून्य, शून्य, एक, शून्य. सकाळी ती फुलांची टोपली घेऊन जिनाच्या फाटकाशीच बसे, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात दिसेल ते लिही. "धुकं." "भोंग्याआधी कुत्रं भुंकलं." "मालखेडची गाडी बारा मिनिटं उशिरा, सहा-दोनला आली. माणिकबाई आणि सहा जणींना फाटकात अडवलं."

अमरावतीला पंजाबराव म्हणून वकील होते. वकिली नवी, कोटही नवा, पक्षकार फारसे नाहीत. कंपनीची मोठी कचेरी अमरावतीला, म्हणून दावा तिथेच लावायचा होता. त्यांनी वही दोनदा वाचली.

"मागणी कितीची करायची?"

"दीड रुपया. फी गेली ती."

"दीड रुपयासाठी कंपनीवर दावा! बाई, लोक हसतील."

"हसू द्या. मले निकालात ती ओळ पायजे."

पंजाबरावांनी कागद काढला. मग पेन थांबवून म्हणाले, "एक करू. सकाळचा रकाना वगळू. सकाळी भोंगा बरोबर वाजतो असं आपणच म्हटलं, तर कंपनीचं घड्याळ चांगलं ठरतं. आपल्याच पायावर धोंडा कशाला?"

शकुनला ते पटलं नाही. बघितलेलं अर्धं सांगायचं आणि अर्धं झाकायचं हे तिला मोडकं वाटलं. पण वकील ते होते. "दाव्यात नका लिहू," ती म्हणाली. "पण वहीतून पान फाडणार नाई मी."

दावा लागल्याची बातमी चांदूरला पोचली आणि गावाला हिवाळाभर पुरेल इतकी करमणूक मिळाली. पानाच्या दुकानावर जानराव न्हावी म्हणे, "माही दाढी आज खराब झाली. आरशावर फिर्याद करून राहिलो." कुणी बैल उशिरा उठला म्हणून गोठ्यावर दावा लावला, कुणी झोप मोडली म्हणून कावळ्यावर. तानुबाई बाजारात फुलं घेऊन बसली की हमखास कोणीतरी विचारी, "काय वो तानुबाई, भोंग्याले समन्स गेलं का?"

"गेलं," तानुबाई म्हणे. "साक्षीदारात तुयं नाव हाये. येजो."

पण घरी आल्यावर ती शकुनला म्हणाली, "पोरी, मले भेव वाटते. कुंपणापलीकडं त्यायचं राज्य हाये."

"कुंपणापलीकडं. अलीकडं नाई," शकुन म्हणाली आणि वांग्याला पाणी फिरवायला गेली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात ओमप्रकाश स्वतः मळ्यात आला. या वेळी तोंडात सरकी नव्हती. बांधावर उभं राहून त्याने पन्नास रुपये पुढे केले. दावा मागे घे, म्हणाला. दीड रुपयाच्या जागी पन्नास.

शकुनने नोटांकडे बघितलंही नाही. "ती एक ओळ लिहून द्या. फुकट मागे घेतो."

"ओळ नाई भेटत."

"काहून? दीड रुपयाच्या ओळीले पन्नास रुपये मोजून राहिले तुमी. मंग ती ओळ केवढ्याची हाये?"

ओमप्रकाशने नोटा खिशात घातल्या. तो गेल्यावर शकुनने जिनाच्या भिंतीकडे बघितलं. तिथे संध्याकाळी चाळीस बाया राबत होत्या, आणि भोंगा अजून व्हायचा होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीच्या कोर्टात गर्दी झाली ती तमाशा बघायला. कंपनीने अमरावतीतले नावाजलेले रावसाहेब वकील दिले होते. आवाज भारदस्त, विनोद करण्याची हौस. शकुन साक्षीला उभी राहिली.

"बाई, या भोंग्याचे तुम्ही कंपनीला किती पैसे देता?"

"काही नाई."

"कंपनीनं कधी तुम्हाला सांगितलं, आमच्या भोंग्यावर गाड्या पकडा?"

"सांगितलं नाई. पण गावात घड्याळ नाई हे कंपनीले ठाऊक हाये, अन् वर्षानुवर्षं सहाले सहाचा भोंगा वाजते. रोज सांगितल्यासारखंच झालं ते."

रावसाहेब न्यायाधीशांकडे वळले. "उद्या कोंबडा उशिरा आरवला तर कोंबड्याच्या मालकावर दावा लावायचा काय?"

कोर्ट खदखदून हसलं. शकुनने हशा ओसरू दिला.

"कोंबडा मालकाच्या हुकमानं आरवत नाई, साहेब. भोंग्याची साखळी माणूस ओढते. कोणाच्या तरी हुकमानं."

न्यायाधीश खाली बघून काहीतरी लिहीत होते. त्यांची लेखणी थांबली, आणि पुन्हा चालू लागली.

गयासुद्दीनची आणि स्टेशनमास्तरची साक्ष झाली. अठरा मिनिटं नाकारता येईनात. तेव्हा रावसाहेबांनी ओमप्रकाशला उभं केलं आणि डाव टाकला. भोंगा उशिरा नव्हताच. कंपनी रेल्वेची वेळ मानत नाही. कंपनीचं घड्याळ चांदूरच्या जुन्या वेळेने चालतं, आणि जुनी वेळ रेल्वेच्या मागे बरोबर अठरा मिनिटं आहे. वाटल्यास घड्याळजींनाच विचारा.

गयासुद्दीनला विचारलं. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता. "होय," तो म्हणाला. "अठराच."

पंजाबरावांचा चेहरा नव्या कोटात एकदम लहान दिसू लागला. ते खाली बसले आणि पुटपुटले, "संपलं."

शकुनने मांडीवरची वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. बोट सकाळच्या रकान्यावर. "हे विचारा."

"हे आपल्या विरुद्ध जातं, बाई."

"आता नाई जात. विचारा."

पंजाबराव उठले. "मॅनेजरसाहेब, कारखान्यात घड्याळ किती?"

"एक."

"सकाळचा भोंगा त्याच घड्याळावर?"

"त्याच."

"म्हणजे सकाळचा सहाचा भोंगा रेल्वेच्या सहा-अठराला वाजतो."

ओमप्रकाशने रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेब छताकडे बघत होते. "हो," ओमप्रकाश म्हणाला. "तसंच."

"सतरा डिसेंबरला मालखेडची गाडी सहा-दोनला आली. स्टेशनचं रजिस्टर इथे आहे. फलाटापासून जिन दहा मिनिटांवर. त्या गाडीच्या बाया सहा-बाराला फाटकात पोचल्या. तुमच्या वेळेनं भोंग्याला अजून सहा मिनिटं होती. मग त्यांना उशीर कसा झाला?"

"झाला नाई."

पंजाबरावांनी न्यायाधीशांना विनंती केली : कंपनीचं उशिरा येणाऱ्यांच्या नावांचं बुक मागवावं. रावसाहेबांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती ऐकून घेतली आणि बुक दुसऱ्या दिवशी आणण्याचा हुकूम केला.

बुकात सतरा डिसेंबरच्या पानावर सात नावं होती. पहिलं माणिकबाईचं. शेरा : भोंग्यानंतर हजर, अर्धा रोज कापला. खाली ओमप्रकाशची सही.

कोर्टात या वेळी कोणी हसलं नाही. दोन वेळा होत्या, आणि दोन्ही कंपनीनेच ठेवल्या होत्या. सकाळी बाया आत घ्यायला रेल्वेची, संध्याकाळी बाहेर सोडायला चांदूरची. दिवाळीनंतर दिवस लहान होत होते, म्हणून अंधार लवकर पडतो असं गाव समजलं. आणि चाळीस बाया समजल्या, आपलं वय झालं.

बाकावर मागे बसलेली माणिकबाई शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हणजे पाय बरे हायेत वो आपले."

निकाल सोळा मार्चला लागला. न्यायाधीशांनी तीन मुद्दे काढले होते. पहिला : सहा डिसेंबरचा भोंगा अठरा मिनिटं उशिरा वाजला काय? होय. दुसरा : वादीची गाडी त्यामुळे चुकली काय, आणि त्यात वादीची चूक होती काय? त्यामुळेच चुकली, वादीची चूक नव्हती. तिसरा : कंपनी वादीला नुकसान भरून देण्यास बांधील आहे काय? नाही. वादीशी कंपनीचा कोणताच करार नाही, आणि वाटेवरच्या प्रत्येक ऐकणाऱ्याला कंपनी जबाबदार धरली, तर कोणत्याही धंद्याला आवाज करणं अशक्य होईल. दावा खारीज. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

रावसाहेबांनी पंजाबरावांचा हात हातात घेऊन सहानुभूतीने दाबला. जानराव न्हावी मुद्दाम चांदूरहून आला होता. "हरली," तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते फारसं गमतीचं वाटलं नसावं, कारण तेवढ्यावरच तो बाहेर पडला.

शकुन उभी राहिली. न्यायाधीश कागद आवरत होते.

"साहेब, एक विचारू?"

"निकाल झाला आहे, बाई."

"निकालावर नाई. जबाबदार कोणीच नाई असं ठरलं, तं ती अठरा मिनिटं गेली कोणाकडं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तो प्रश्न या दाव्यात नव्हता," ते म्हणाले. आणि काचा पुसत, "पण बुक आता कोर्टाच्या दप्तरात आहे. ते कोणालाही बघता येतं."

शकुनने निकालाच्या, मागे बुकातलं ते पान जोडून, दोन नकला मागितल्या. नकलेच्या कारकुनाने विचारलं, "हरलेल्या दाव्याच्या दोन नकला कशाला?"

"एक अकोल्याले न्यायची हाये. एक नागपूरले, फॅक्टरी इन्स्पेक्टराकडं."

दुसरी नक्कल तिने माणिकबाईच्या हातात दिली. माणिकबाईला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "यात आमचं नाव हाये?"

"हाये. पहिलंच."

"तं मंग साऱ्याजणींचे अंगठे घेऊनच धाडू," माणिकबाई म्हणाली आणि नक्कल लुगड्याच्या ओच्यात खोचली.

वीस मार्चला संध्याकाळी शकुन पुन्हा ट्रंक घेऊन निघाली. या वेळी भोंग्याची वाट न बघता. गयासुद्दीनचं घड्याळ तिने परत करायला नेलं, तर म्हातारा म्हणाला, "मले नको. त्या मालखेडवालीले दे. तिले जास्त लागते." म्हणून आता ते माणिकबाईच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात होतं. वाचता येत नसलं तरी मोठा काटा वर आणि लहान खाली, उभी सरळ रेघ, एवढं तिला गयासुद्दीनने शिकवलं होतं.

शकुन फलाटावर पोचली तेव्हा उजेड होता. सहा वाजून दहा मिनिटांनी सात बाया आल्या. धावत नव्हत्या. चालत आल्या. केसांत कापूस तसाच होता.

"रेघ सरळ झाली तशी सरकीचं टोपलं खाली ठेवलं," माणिकबाई म्हणाली. "मॅनेजर वरडला, भोंगा झाला नाई. मी म्हटलं, आमाले ऐकू आला."

"अन् बाकीच्या?"

"साऱ्या उठल्या. चाळीसच्या चाळीस. उद्या फाटक बंद करीन म्हणते तो. करू दे. कापूस कोण उचलते, तो?"

गाडी वेळेवर आली. त्या आठही जणी एकाच डब्यात बसल्या. शकुनने ट्रंक बाकाखाली सरकवली. नक्कल ट्रंकेत नव्हती, पोलक्यात होती.

गाडी अजून उभीच होती तेव्हा जिनाचा भोंगा वाजू लागला. लांब, पूर्वीसारखाच जोरात. माणिकबाईने गळ्यातलं घड्याळ वर धरलं. शकुनने बघून सांगितलं, "सहा-अठरा."

डब्यात कोणीही मान वळवली नाही. माणिकबाईने भाकरीचं गाठोडं सोडलं आणि पहिला तुकडा शकुनपुढे केला.